शेजाराची किंमत

वन्यप्राण्यांच्या सहवासात राहणाऱ्या माणसांचा विषय निघाला की लांडग्यांच्या कळपात वावरणारा एखादा परदेशी अभ्यासक किंवा रानात वाढलेले मूल अशी अद्भुत चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात; प्रत्यक्षात मात्र हा सहवास असंख्य शेतकरी, गुराखी आणि मच्छीमार कुटुंबांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे आणि त्यात अद्भुतापेक्षा हिशेबच मोठा असतो. प्राण्याने काय खाल्ले, काय मोडले, त्याला हाकलायचे की सोसायचे, आणि झालेले नुकसान कोणाच्या अंगावर पडायचे, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक समाजाने आपापल्या परीने शोधलेली असतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशी तीन-चार वेगवेगळी उत्तरे शेजारी शेजारी पाहायला मिळतात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, आणि किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंतचे अंतर इतके थोडे आहे की सकाळी मालवणच्या बंदरात डॉल्फिन पाहिलेला माणूस दुपारी तिलारीच्या खोऱ्यात हत्तीच्या ताज्या पाऊलखुणांपाशी पोचू शकतो.

या जिल्ह्यात लांडगा मात्र नाही. भारतीय लांडगा हा मोकळ्या माळरानाचा प्राणी असून पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांतील कमी पावसाचा, खुरट्या गवताचा प्रदेश त्याला मानवतो. घाटाखालच्या मुसळधार पावसात आणि दाट झाडीत त्याला जागा नाही. त्याची जागा इथे किनाऱ्यावर आणि शेतांत कोल्ह्याने, घाटाच्या जंगलात कळपाने शिकार करणाऱ्या कोळसुंद्याने, म्हणजे रानकुत्र्याने, आणि गावाच्या अगदी कुशीत बिबट्याने घेतली आहे. याखेरीज गवा, रानडुक्कर, माकड आणि वानर यांचा उपद्रव जवळजवळ प्रत्येक गावाला ठाऊक आहे. हे प्राणी पिढ्यान् पिढ्यांचे शेजारी आहेत, तर हत्ती या शतकात आलेला. माणसांचे त्यांच्याशी असलेले नाते समजून घेताना हा जुन्या-नव्याचा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

किनाऱ्यावरचे भागीदार

मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या तालुक्यांच्या किनाऱ्यालगत वर्षभर दिसणारा डॉल्फिन हा प्रामुख्याने हिंदी महासागरातील हंपबॅक जातीचा, म्हणजे पाठीवर उंचवटा आणि त्यावर लहानसा पर असलेला डॉल्फिन होय. मच्छीमार त्याला 'गादा' म्हणतात. खोल समुद्रातील डॉल्फिनांप्रमाणे तो दूरवर भटकत नाही. नदीमुखे, खाड्या आणि किनाऱ्याजवळचे उथळ पाणी हेच त्याचे क्षेत्र असते. पारंपरिक मच्छीमारही नेमक्या याच पट्ट्यात जाळी टाकत असल्यामुळे माणूस आणि गादा हे एकाच मासळीचे वाटेकरी ठरतात. पाण्यात भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्यात मासे कल्ल्यांपाशी अडकले की ते आयतेच ओढून खाण्याची सवय गाद्याला लागते, आणि या खटाटोपात जाळे फाटते, तर कधी तो स्वतःच अडकून बुडून मरतो, कारण डॉल्फिन हा फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी असून त्याला थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर यावेच लागते. कोकण सिटेशियन रिसर्च टीम या संशोधकांच्या गटाने गेल्या दशकात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डॉल्फिनांच्या नोंदी घेताना मच्छीमारांशी होणाऱ्या या व्यवहाराचाही अभ्यास केला.

गाद्याने जाळे फाडले म्हणून मच्छीमार त्याला शिव्या देतो, पण त्याच्या जिवावर उठत नाही. या सोशिकपणामागे केवळ श्रद्धा नाही, तर व्यवसायाची घडणही आहे. रापण या किनाऱ्यावरच्या सर्वांत जुन्या पद्धतीत लांबलचक जाळे होडीतून अर्धवर्तुळाकार सोडले जाते, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणली जातात आणि दोन्हीकडे उभी राहिलेली माणसे दोर खांद्यावर घेऊन पावलापावलाने मागे सरकत ते ओढत राहतात. घेर आवळत जातो तसे पाणी चमकू लागते आणि मिळालेल्या मासळीची वाटणी जाळ्याचे हिस्सेदार आणि ओढणारे हात यांच्यात ठरलेल्या प्रमाणात होते. म्हणजे मिळकत जशी वाटली जाते तसे नुकसानही वाटले जाते. चार टोपल्या पेडवे कमी मिळाले तर ती तूट एका घरावर कोसळत नाही. शिवाय गादे घिरट्या घालताना दिसले की जवळपास मासळी असल्याचा अंदाजही अनेक जण बांधतात, त्यामुळे हा वाटेकरी थोडाफार उपयोगाचाही ठरतो.

हा समतोल ढळतो तो मासळी आटल्यावर. पर्ससीन या मोठ्या यांत्रिक जाळ्याने पृष्ठभागाजवळचा माशांचा थवाच्या थवा वेढून उचलला जातो, आणि त्यामुळे किनाऱ्याकडे काही उरत नाही, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तरी या प्रश्नावरून होणारे संघर्ष थांबलेले नाहीत. मासळी कमी झाली की जाळ्यातला प्रत्येक मासा मोलाचा होतो आणि पूर्वी दुर्लक्षिली जाणारी गाद्याची चोरी डोळ्यांत खुपू लागते; थोडक्यात, माणूस आणि प्राणी यांच्यातील भांडणाचे मूळ पुष्कळदा माणसामाणसांतल्या भांडणात असते.

सरकारी संरक्षणाचा अनुभव या किनाऱ्याला १९८७ मध्येच आला. त्या वर्षी १३ एप्रिल रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. २९.१२ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीच्या पाण्यात आहे. प्रवाळ, शेवाळ आणि माशांची विविधता यांच्या दृष्टीने निवड योग्य होती, पण ज्यांच्या रोजीरोटीचे ते पाणी होते त्यांना ती आपल्या डोक्यावर लादलेली वाटली, आणि मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षे टिकून राहिला. त्याच्या तुलनेत डिसेंबर २०१८ मध्ये आलेली एक साधी योजना अधिक सहज रुजली. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा अन्य संरक्षित सागरी प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर छायाचित्रांचा पुरावा पाहून मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तरतूद तीत आहे. अभयारण्याने मच्छीमाराला काय करू नये ते सांगितले होते. या योजनेने त्याने केलेल्या चांगल्या कामाचा खर्च उचलला.

अंड्यांचे राखणदार

समुद्री कासवांच्या बाबतीत झालेला पालट याहून ठळक आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर येतात, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, तो बुजवतात आणि तासाभरात समुद्रात परततात. त्यानंतर त्या घरट्याकडे फिरकत नाहीत. पूर्वी कोकणातील अनेक किनाऱ्यांवर ही अंडी माणसे काढून नेत, आणि माणसांकडून उरलेली कोल्हे, कुत्री आणि घोरपडी उकरून खात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून अस्तित्वात होता, पण अंधाऱ्या किनाऱ्यावर रात्री पहारा देण्यास कायद्याकडे माणसे नव्हती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे गावकऱ्यांनाच या कामात घेतले आणि पुढे त्याला कासव महोत्सवाची जोड दिली. ही पद्धत नंतर सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणी, देवगड तालुक्यातील तांबळडेग अशा किनाऱ्यांपर्यंत पोचली.

कासवमित्र म्हणून काम करणारा गावकरी पहाटे किनारा तुडवत निघतो. मादीच्या जाण्यायेण्याचे, ट्रॅक्टरच्या चाकासारखे दिसणारे माग त्याला घरट्यापर्यंत नेतात. मग बारीक काठीने वाळू चाचपून तो भुसभुशीत जागा ओळखतो, अंडी हाताने अलगद काढतो, ती शक्य तितकी न फिरवता कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतो आणि त्यावर तारखेची पाटी लावतो. सुमारे दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात आणि ती सकाळी किंवा संध्याकाळी समुद्रात सोडली जातात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते, उष्ण वाळूत माद्या अधिक होतात, हे विज्ञान आता या गावांत शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रे बसवली, तेव्हा या माद्यांच्या अरबी समुद्रातील भ्रमंतीचा माग प्रथमच घेता आला. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. अंडी विकून एकाला काही रुपये मिळत असत. अंडी राखल्यावर पिल्ले पाहायला येणाऱ्या पर्यटकांमुळे घरगुती निवास, खाणावळी आणि होड्या यांतून अनेक घरांत पैसा येऊ लागला. कासव देवाचा कूर्मावतार आहे ही श्रद्धा पूर्वीही होती, पण तिला व्यवहाराचा आधार मिळाल्यावरच ती अंड्यांपर्यंत पोचली.

वाघाचा जुना शेजार

किनारा सोडून पूर्वेकडे सरकले की हा हिशेब अवघड होत जातो, कारण तिथले प्राणी मासे नेत नाहीत, ते गाय-वासरू नेतात आणि क्वचित माणसाच्या जिवावरही बेततात. आंबोली, चौकुळ, दोडामार्ग या भागांत वाघाचा वावर पूर्वीपासून आहे. दक्षिणेकडील गोवा-कर्नाटकातील जंगले आणि उत्तरेकडील राधानगरी व सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांना जोडणारा वन्यजीवांचा भ्रमणमार्ग, म्हणजे एका मोठ्या जंगलातून दुसऱ्याकडे जाण्याची हिरवी वाट, इथूनच जाते. या वाटेचे महत्त्व ओळखून शासनाने २०२० मध्ये २९.५३ चौरस किलोमीटरचे तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र आणि २०२१ मध्ये आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले.

वाघाशी जुळवून घेण्याची यंत्रणा मात्र या घोषणांपेक्षा जुनी आहे. तळकोकणात कार्तिक महिन्यात काही गावांतून वाघबारस पाळली जाते; गुराखी रानात जमतात, त्यांच्यापैकी एक जण वाघ होतो आणि बाकीचे त्याला पळवून लावतात. ग्रामदेवतेपुढे घातल्या जाणाऱ्या गाऱ्हाण्यात गुरावासरांची राखण मागितली जाते, आणि गावाच्या शिवेवर फिरणारा राखणदार चुकलेल्या माणसाला वाट दाखवतो असे मानले जाते. उत्तर कोकणातील वारली समाजाच्या वाघोबाच्या पूजेवर रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसते की अशा पूजेत वाघ-बिबट्याशी एक प्रकारचा करार मानला जातो. माणूस वर्षातून एकदा मान देतो आणि त्या बदल्यात संरक्षणाची अपेक्षा धरतो. कराराच्या या कल्पनेमुळे एखादे जनावर गेले तरी तो अत्याचार न वाटता देण्याघेण्याचा भाग वाटतो. घाटापलीकडच्या पठारावरचे धनगरही रात्री मेंढ्यांना वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण घालतात, कुत्री राखणीला ठेवतात आणि एवढे करूनही लांडग्याने एखादे कोकरू नेले तर तो त्याचा वाटा होता असे म्हणणारे वृद्ध त्यांच्यात भेटतात. काळजी आधी आणि सोशिकपणा नंतर, असा हा क्रम आहे.

देवरायांनी या शेजाराला जागाही दिली. देवाच्या नावाने राखलेल्या या रायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला. दोडामार्गातील हेवाळे-बांबर्डे येथील राईत रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल टिकून राहिली आहे. पाण्यात उभ्या असलेल्या या झाडांची मुळे श्वास घेण्यासाठी जमिनीबाहेर गुडघ्यासारखी वाकून येतात. असे अधिवास उत्तरेकडे अत्यंत दुर्मीळ असल्यामुळे शासनाने या राईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे.

बिबट्याला तर जंगलाचीही फारशी गरज लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात, जिथे मोठे जंगल नाही तिथे, दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे असल्याचे विद्या अत्रेय यांच्या २०१३ च्या अभ्यासात आढळले आणि नंतरच्या अभ्यासात या बिबट्यांच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला. जुन्नर परिसरात त्याआधी पकडलेले बिबटे दूरवर नेऊन सोडले गेले, तेव्हा माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, कारण अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा येऊन बसतो. सिंधुदुर्गात कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला बिबट्या ही नेहमीची बातमी आहे. विहिरीला कठडा बांधणे, कोंबड्यांचे खुराडे बंदिस्त करणे आणि घराभोवतीची झाडी साफ ठेवणे हे उपाय साधे असले तरी पिंजऱ्यापेक्षा अधिक गुणकारी ठरतात.

हत्ती आला तेव्हा

जुन्या शेजाराच्या या सगळ्या रीती २००२ मध्ये अपुऱ्या पडल्या. त्या वर्षी कर्नाटकातील जंगलांतून हत्ती मांगेलीमार्गे दोडामार्ग तालुक्यात उतरले. धरणे, खाणी, रस्ते आणि लागवडीसाठी तोडलेले जंगल यांमुळे तुकडे पडलेल्या अधिवासातून ते नव्या मुलखाच्या शोधात आले असावेत असे अभ्यासक मानतात. लोकांनी सुरुवातीला त्यांना गणपतीचे रूप मानून हात जोडले. परंतु प्रौढ हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, आणि तिलारीच्या पाण्यावर पोसलेल्या केळी, माड, पोफळी आणि भातशेती यांच्याइतका सकस चारा त्याला रानात एका जागी मिळत नाही. केळीचा गाभा खाण्यासाठी तो बागेत शिरतो आणि कोवळ्या शेंड्यासाठी कपाळाने रेटून माड आडवा करतो.

हत्तीने केलेले नुकसान इतर प्राण्यांच्या नुकसानीपेक्षा वेगळे का ठरते, हे माडाच्या उदाहरणावरून कळते. रानडुकराने भात खाल्ले तर एका हंगामाचे उत्पन्न जाते. माड मोडला तर तो लावल्यापासून फळाला येईपर्यंत घातलेली पाच-सात वर्षे जातात आणि पुढे कित्येक दशके मिळणारे उत्पन्नही जाते. भरपाईसाठी पंचनामा, सातबारा आणि अर्ज लागतात. पण कोकणात एकेका सातबाऱ्यावर अनेक भाऊबंदांची नावे सामाईक असतात, त्यांतले निम्मे मुंबईला असतात, आणि सर्वांची संमतीपत्रे गोळा करता करता प्रत्यक्ष कसणारा थकून जातो. रापणीसारखी नुकसान वाटून घेण्याची व्यवस्था बागायतीत नाही. हत्ती ज्याच्या बागेत शिरला त्याचेच सगळे जाते, आणि शेजारची बाग शाबूत राहते.

राखणीची जुनी पद्धतही याच काळात मोडत गेली. पूर्वी पीक तयार झाले की घरटी एक माणूस मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, झोपायला जाई आणि हाकाटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचे. तरुण मंडळी मुंबई-गोव्याकडे गेल्यावर राखणीला म्हातारी माणसे उरली, पडीक राहिलेल्या जमिनींवर झाडोरा वाढून रान घराच्या मागच्या पडवीपर्यंत आले, आणि त्याच वेळी खासगी मालकीची मोठमोठी जंगले रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी साफ झाली. फटाके, मशाली आणि पत्र्याचे डबे यांचा हत्तीवर काही दिवस परिणाम होतो. नंतर तो त्यांना सरावतो, कारण त्याची स्मरणशक्ती तीक्ष्ण असते आणि आवाजाने प्रत्यक्ष इजा होत नाही हे त्याला लवकर उमगते.

पकडून नेण्याचा मार्गही करून पाहण्यात आला. कुडाळ तालुक्यातील माणगाव खोऱ्यात स्थिरावलेले तीन हत्ती फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रशिक्षित हत्तींच्या मदतीने पकडून आंबेरी येथे ठेवण्यात आले. त्यांपैकी दोन बंदिवासातच दगावले. खोऱ्यातला उपद्रव थांबला, पण दोडामार्गाकडे कर्नाटकातून येणारी वाट उघडीच राहिली. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले येथे हत्तीच्या हल्ल्यात एका वृद्ध शेतकऱ्याचा जीव गेला, तेव्हा तालुक्यातील संताप रस्त्यावर आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'ओंकार' या नावाने ओळखला जाणारा तरुण हत्ती गोव्याच्या पेडणे तालुक्यात उतरला आणि हा प्रश्न एका तालुक्याचा किंवा एका राज्याचा नाही हे उघड झाले. नर हत्ती वयात आल्यावर मादीप्रधान कळपातून बाहेर पडतो आणि एकट्याने नवा मुलूख धुंडाळतो. हा त्याचा स्वभावधर्म आहे, त्यामुळे एक हत्ती हटवला तरी दुसरा येण्याची शक्यता कायम राहते.

खर्चाची वाटणी

किनारा आणि घाट यांची ही उदाहरणे एकत्र ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. सिंधुदुर्गातील माणसे किनाऱ्यावर प्राणिप्रेमी आणि घाटाखाली प्राणिद्वेष्टी आहेत असे नव्हे. फरक आहे तो नुकसानीच्या वाटणीत. रापणीत ती हिश्शांनी होते, कासवांच्या बाबतीत लाभ अनेक घरांत पोचतो, वाघाच्या बाबतीत परंपरेने मानसिक आधार आणि मोकळी जागा दोन्ही दिली. हत्तीच्या बाबतीत यांपैकी काहीच घडलेले नाही. त्याला हात जोडणारा आणि त्याच्या नावाने बोटे मोडणारा माणूस एकच आहे. मधल्या काळात त्याच्या किती माडांची किंमत वेळेवर चुकती झाली, एवढाच प्रश्न आहे.

म्हणूनच या भागात करण्यासारख्या गोष्टींमध्ये भावनिक आवाहनांचा क्रमांक शेवटचा लागतो. सामाईक सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असले तरी प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या हाती भरपाई पोचावी, ती एका झाडाच्या किमतीवर न थांबता त्याच्या पुढील उत्पन्नाचाही विचार करणारी असावी, राखणीचे काम मजुरी देऊन गावातल्याच तरुणांकडे सोपवावे, आणि महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक या तिन्ही वनखात्यांनी हत्तींच्या हालचालींची माहिती एकमेकांना व गावांना त्याच दिवशी द्यावी, हे उपाय आवाक्यातले आहेत. त्यांच्या जोडीला भ्रमणमार्गावरील खासगी जंगल न तोडणाऱ्या मालकाला त्याचा मोबदला मिळाला नाही, तर राखीव क्षेत्रांच्या मधल्या जागा रबराखाली जात राहतील आणि प्राणी बागांतूनच वाट काढतील. वाघ, हत्ती आणि सह्याद्री टिकल्याचा लाभ सगळ्या राज्याला मिळतो. त्याचा खर्च मात्र हेवाळे, मोर्ले आणि मांगेलीच्या बागायतदारांकडूनच वसूल होत असेल, तर त्यांच्याकडून सोशिकपणाची अपेक्षा धरण्याचा अधिकार राज्याला उरत नाही.